लाल खुणा, छत्तीस टक्के आणि राहून गेलेला एक आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५२, त्रास काहीच नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर ६० घटकांची रक्ततपासणी करून घेतलीत आणि रिपोर्टात चार ठिकाणी लाल खुणा आल्या: बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) जरासं वर, एसजीओटी (यकृताच्या तपासणीतला एक घटक) किंचित वर, युरिक ॲसिड थोडं जास्त आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढलेलं. कोलेस्टेरॉलसाठी कायमची गोळी सुचवली गेली. या गोळीनं हृदयविकाराचे झटके ३६ टक्क्यांनी कमी होतात असं तुम्ही बातमीत वाचलंत, तर मित्रानं सांगितलं की हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. पुढच्या वर्षी गळा-पोटाच्या सोनोग्राफीसकट मोठं पॅकेज घ्या, असाही सल्ला मिळाला. शेवटी तुम्ही विचारलंत, 'संशोधनावर विश्वास ठेवायचा की नाही? आणि पैसा नक्की कशावर घालायचा?'

मी फिजिशियन आहे. गेली पस्तीसेक वर्षं असेच रिपोर्ट घेऊन येणाऱ्या माणसांसमोर बसते आहे. लाल खूण पाहिल्यापासून रात्रीची झोप उडालेली असते, हे मला माहीत आहे. म्हणून आधी त्या खुणांबद्दल बोलू.

रिपोर्टात आकड्याशेजारी जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक घटकांच्या बाबतीत एका साध्या पद्धतीनं ठरते. बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासतात, मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथे बसतात तो पट्टा 'नॉर्मल' धरतात, आणि दोन्ही टोकांची मिळून ५ टक्के निरोगी माणसं पट्ट्याबाहेर राहतात. ती आजारी नसतात, फक्त टोकाला असतात. आता ६० घटक मोजले तर साठाचे ५ टक्के किती? तीन. म्हणजे ठणठणीत माणसाच्या रिपोर्टातही सरासरी तीन खुणा येणारच. तुमच्या चार आल्या. जितके घटक जास्त, तितक्या खुणा जास्त. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग एकेका खुणेमागे पुढची तपासणी सुरू होते.

बिलिरुबिनचं उदाहरण घ्या. काही लोकांच्या यकृतात बिलिरुबिन बाहेर टाकण्याची यंत्रणा जन्मतःच जरा संथ असते. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. त्यानं काहीही अपाय होत नाही, उपचार लागत नाहीत, आयुष्य कमी होत नाही. पण पोट रिकामं असलं की अशा माणसाचं बिलिरुबिन वर जातं. आणि तपासणीच्या पॅकेजसाठी आपण माणसाला काय सांगतो? बारा तास उपाशी या. काविळीच्या भीतीनं महिनोन्‌महिने पथ्य पाळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना एवढंच झालेलं होतं. एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. आदल्या दोन दिवसांत जोराचा व्यायाम किंवा अंगमेहनत झाली असेल तर तो आकडा चढतो. दारू आणि यकृतातली चरबी यांनीही चढतो, म्हणून तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. चार-सहा आठवड्यांनी, व्यायामाला दोन-तीन दिवस विश्रांती देऊन, पुन्हा बघण्यासारखा आहे. युरिक ॲसिड जरासं वर आहे पण सांधा सुजलेला नाही, मूतखडा नाही, तर त्यासाठी गोळी नको.

राहिलं कोलेस्टेरॉल. त्याची मर्यादा वरच्या पद्धतीनं ठरत नाही. किती पातळीला हृदयविकाराचा धोका किती, हे पाहून ती ठरवलेली असते. म्हणून चौघांतली ही एकच खूण माझ्या लेखी विचार करण्याजोगी आहे. पण तिचा विचार करायला जे लागतं तेच तुमच्या पत्रात नाही. तुम्ही साठ आकडे लिहिलेत, त्यात बीपी कुठेच नाही. तुम्ही विडी-सिगरेट ओढता का, तेही नाही. आई-वडील-भावंडांत कुणाला कमी वयात झटका आला होता का, तेही नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पॅकेजमध्ये रक्ताची नळी जाते, माणूस जात नाही, त्यामुळे हे असंच होतं. पण ५२ व्या वर्षी ज्या तीन गोष्टींवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, त्या तिन्ही जवळपास फुकट कळतात, आणि नेमक्या त्याच राहून गेल्या.

आता ३६ टक्के. हा आकडा खोटा नाही. तो २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगातून आलेला आहे. ॲस्कॉट नावाच्या या अभ्यासात बीपी असलेल्या आणि त्याशिवाय धोक्याच्या किमान तीन आणखी गोष्टी असलेल्या १०,३०५ लोकांपैकी निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सुमारे सव्वातीन वर्षांनी मोजणी केली. बिनऔषधाच्या गटात १०० पैकी ३ जणांना झटका आला होता. औषधाच्या गटात १.९. तीनाचे १.९ झाले, म्हणजे घट ३६ टक्के. बातमीत हेच छापतात. पण याच मोजणीचं दुसरं वाक्य असं होतं: ९१ जणांनी सव्वातीन वर्षं रोज गोळी घेतली तेव्हा एकाचा झटका टळला. उरलेल्या नव्वदांपैकी बहुतेकांना गोळी न घेताही झटका येणार नव्हता, आणि एक-दोघांना गोळी घेऊनही आला.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं ऐकून माणूस गोळीकडे धावतो, दुसरं ऐकून गोळी फेकून देतो. दोन्ही घाईची कृत्यं. मी रुग्णांबरोबर कागदावर गुणाकार करते. ९१ माणसं, सव्वातीन वर्षं, रोज एक: एका झटक्यामागे लाखाहून थोड्या जास्त गोळ्या लागल्या. हा या फायद्याचा खरा भाव. गोळीची किंमत तुमच्याकडे जी असेल ती त्यात घाला, वर अधूनमधूनच्या रक्ततपासण्या घाला, आणि मग ठरवा. ॲटोरव्हास्टॅटिनचं पेटंट संपून बरीच वर्षं झाली, जेनेरिक गोळी स्वस्त झाली, म्हणून हा व्यवहार आज पुष्कळांना परवडतो. तेवढाच फायदा देणारं नवं, पेटंटमधलं औषध असेल तर तोच गुणाकार एखाद्या घराला कर्जात घालू शकतो. औषध तेच काम करतं. ते कुणाच्या खिशाला किती टोचतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

याच्याशेजारी दुसरा प्रयोग ठेवते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते स्पष्ट होईल. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरचा फोर-एस हा अभ्यास आला. हे सगळे आधीच हृदयविकार झालेले लोक. औषध याच जातीचं, सिमव्हास्टॅटिन. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात १०० पैकी साडेअकरा मरण पावले, औषधाच्या गटात आठ. घट ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बातमीत हा आकडा ३६ पेक्षा लहान दिसला असता. पण इथे साधारण ३० जणांमागे एक जीव वाचला. झटका टळला एवढंच नाही, माणूस जगला. गोळ्यांच्या हिशेबात साठ हजारांच्या आसपास. टक्केवारी लहान, फायदा कितीतरी मोठा. कारण टक्केवारी कशाची, हे ठरतं मुळात धोका किती होता त्यावर. ज्याच्याजवळ गमावण्यासारखं जास्त, त्याला त्याच औषधाचा लाभ जास्त.

म्हणून तुमच्या बाबतीत खरा प्रश्न 'कोलेस्टेरॉल किती' हा नाही. पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला झटका येण्याची शक्यता १०० पैकी किती, हा आहे. वय, बीपी, सिगरेट, साखर आणि कोलेस्टेरॉल एकत्र घालून तुमचे डॉक्टर तो अंदाज दोन मिनिटांत काढू शकतात. तो ५ निघाला तर गोळीनं कदाचित साडेतीन-चार होईल. २० निघाला तर साधारण पंधरावर येईल. पहिल्या माणसानं 'मी आधी चालणं आणि वजन बघतो, वर्षभरानं पुन्हा बोलू' म्हटलं तर मी त्याच्या बाजूनं असते. दुसऱ्यानं तसं म्हटलं तर मी खुर्ची पुढे ओढून त्याला पुन्हा समजावते. आणि ज्याला झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्यानं हे सगळं वाचून गोळी बंद करायची नाही. त्याचा हिशेब केव्हाच झालेला आहे.

स्नायू दुखतात म्हणून पुष्कळजण या गोळ्या सोडतात, त्याबद्दलही सांगते. २०२० मधल्या एका छोट्या पण फार सुंदर प्रयोगात, त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने औषध, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून दिलं. खोट्या गोळीच्या महिन्यांतही त्रास जवळपास औषधाइतकाच होता. दुखणं खरं होतं, कारण मात्र बहुतांशी गोळी नव्हती. तरीही दुखत असेल तर अंगावर काढू नका, सांगा. प्रमाण बदलता येतं, औषध बदलता येतं.

मित्राच्या म्हणण्याकडे वळते, कारण त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो मला स्वतःला लागलेला आहे. १९८८ च्या सुमारास मी शिकाऊ डॉक्टर होते. झटक्यातून वाचलेल्या रुग्णांच्या ईसीजीवर मध्येच जादा ठोके दिसत. असे ठोके असणारे रुग्ण अचानक दगावतात हे माहीत होतं. ठोके थांबवणारी औषधं होती. तर्क सरळ: ठोके थांबवा, माणूस वाचेल. मी वरिष्ठांच्या सांगण्यावरून अशी औषधं लिहिली आहेत, आणि दुसऱ्या दिवशीचा स्वच्छ ईसीजी पाहून रुग्णाच्या बायकोला 'आता काळजी नाही' असंही म्हटलं आहे. मग कास्ट नावाचा प्रयोग झाला. त्यानं ठोके मोजण्याऐवजी माणसं मोजली. ज्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही ठोके थांबवणारी औषधं दिली त्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले. खोटी गोळी मिळालेल्या ७४३ जणांत २६. ठोके थांबले होते आणि माणसं जास्त मरत होती. १९८९ साली प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला.

त्या बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुठलंही नवं औषध समोर आलं की मी एकच गोष्ट शोधते: यांनी आकडा सुधारला की माणूस? साखर खाली आली, कोलेस्टेरॉल खाली आलं, हाडाची घनता वाढली, हे सगळं आकड्यांचं. झटके कमी झाले का, हाडं मोडायची थांबली का, माणसं जास्त जगली का, हे माणसांचं. तुम्हीही बातमी वाचताना एवढं एक शोधा. बातमीत ते सापडलं नाही तर थांबायला हरकत नाही.

पण मित्राला हेही सांगा की ही चूक संशोधनानंच पकडली. कुणाच्या संशयानं नव्हे, कुणाच्या अनुभवानं तर नाहीच, कारण आमचा सगळ्यांचा अनुभव उलटंच सांगत होता. जीवनसत्त्वांचंही असंच झालं. बीटा-कॅरोटिन (गाजरातलं, शरीरात अ जीवनसत्त्व बनणारं द्रव्य) भरपूर मिळणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं निरीक्षण होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' म्हणून गोळ्यांवर पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आता त्या मोठ्या पॅकेजबद्दल. गळ्याची सोनोग्राफी त्यात आहे म्हणून दक्षिण कोरियाची गोष्ट सांगणं भाग आहे. तिथे १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हतं, पण थोडे पैसे जादा भरले की तीही सोनोग्राफी करून मिळे, आणि लोक करून घेत. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या आजारानं होणारे मृत्यू? जिथल्या तिथे. म्हणजे हजारो माणसांच्या गळ्यात असे बारीक कर्करोग सापडले, जे न सापडते तर त्यांना आयुष्यभर कळलेही नसते. जवळजवळ सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर हार्मोनची गोळी लागली. १०० पैकी सुमारे ११ जणांच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या आणि दोघांच्या स्वरयंत्राला लकवा बसला. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी हे जाहीरपणे मांडल्यावर पुढच्या वर्षात शस्त्रक्रिया साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या.

'लवकर सापडलं, वाचलो' असं त्या प्रत्येक माणसाला वाटलं असणार. त्यांना तसं वाटण्यात चूक काहीच नाही. पण ज्याला काही होणारच नव्हतं, त्यालाही वाचल्यासारखंच वाटतं, आणि तो इतर चौघांना तपासणी करायला लावतो. सरसकट आरोग्य तपासण्यांचंही मोजून झालेलं आहे: १५ प्रयोगांतल्या सुमारे अडीच लाख माणसांचे निकाल २०१९ साली कोक्रेन या, वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी एकत्र पाहिले. लक्षणं नसलेल्यांच्या अशा सर्वसाधारण तपासणीनं एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, कर्करोगाचे मृत्यूही कमी झाले नाहीत.

यातून 'कुठलीच तपासणी नको' असा अर्थ काढू नका. गर्भाशयमुखाच्या तपासणीत कर्करोग होण्याच्या आधीची अवस्था सापडते आणि तिथेच काढून टाकता येते. मोठ्या आतड्याच्या बाबतीतही तसंच. तुमच्या वयाला शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी करण्याजोगी आहे, त्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा. साखर बघा. आणि मी जे लिहिते आहे ते सगळं काही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. चालताना छातीत दाटतंय, वजन आपोआप उतरतंय, कुठून रक्त जातंय, गाठ हाताला लागतेय, तर 'फार तपासण्या वाईट' म्हणून घरी बसू नका. तिथे तपासणीचा अर्थच बदलतो.

पैसा कशावर घालायचा याचं उत्तर मी दिलं तर ते फार साधं वाटेल, पण मी ते पूर्ण गांभीर्यानं देते. तुम्ही सिगरेट ओढत असाल तर आरोग्यासाठी राखून ठेवलेला पहिला पैसा ती सोडण्यासाठी खर्च करा: समुपदेशन, निकोटिनच्या गोळ्या, जे लागेल ते. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा केला. ५० व्या वर्षी सिगरेट सोडणाऱ्यांना सरासरी सहा वर्षांचं आयुष्य परत मिळालं. मी वापरलेल्या कुठल्याही गोळीनं निरोगी माणसाला एवढं दिलेलं नाही. साखर होण्याच्या उंबरठ्यावर असाल तर २००२ सालचा ३,२३४ लोकांवरचा अभ्यास लक्षात ठेवा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, तर आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि वजन सात टक्के उतरवण्याचं ध्येय यांनी ५८ टक्क्यांनी. आणि टक्केवारीवर भरवसा नको असं मीच म्हटलं आहे म्हणून मूळ आकडेही देते: १०० जणांत वर्षाला ११ जणांना मधुमेह होत होता, गोळीनं तो ७.८ जणांना झाला, चालण्यानं आणि वजनानं ४.८ जणांना.

त्यानंतर बीपी. घरी मोजायचं चांगलं यंत्र घ्या, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान झाला तर आकडा खोटा वर दाखवतो. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटं बसा. दंड हृदयाच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर बोलायला हवं.

पुढचं पॅकेज सध्या बुक करू नका. उपाशी न राहता बिलिरुबिन आणि त्याबरोबर एसजीओटी, एवढं दीड महिन्यानं पुन्हा करा. कोलेस्टेरॉलही त्याच वेळी पुन्हा मोजा, कारण एकाच माणसाचा आकडा दोन वेळांत सहज ५ ते १० टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. मग बीपीची ती सात दिवसांची वही आणि घरात कुणाला कोणत्या वयात काय झालं त्याची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. 'माझा दहा वर्षांचा धोका शंभरात किती, आणि गोळी घेतली तर किती होईल?' एवढं विचारा आणि दोन्ही आकडे त्याच वहीत लिहून आणा. गोळीचं काय करायचं ते ठरवायला मी तुमच्याबरोबर पुन्हा बसेन.